गावाने स्वतःवर लावलेली वारसा-पट्टी : मॅसॅच्युसेट्समधल्या समित्या निधीचे अंदाजपत्रक कसे करतात

बडोद्याच्या रावपुऱ्याजवळचा भाऊ तांबेकरांचा वाडा आणि त्यातली भित्तिचित्रे आज पाहता येतात, कारण तो वाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केला आहे. त्याच काळातले, तशाच लाकूडकामाचे, पण चित्रे नसलेले किंवा चित्रे पुसून गेलेले जे वाडे आसपासच्या गल्ल्यांतून उभे आहेत त्यांचे काय? पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीने ते लहान, सुधराईच्या (आमचे जुने लोक नगरपालिकेला अजून सुधराईच म्हणतात) दृष्टीने ते खाजगी आणि मालकांच्या दृष्टीने ते महाग. म्हणजे वरचा एक मजला आहे, खालचा एक आहे, मधला जिनाच नाही.

हा मधला जिना कसा बांधता येतो याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा लेख. आमच्या मंडळाचा स्वतःचा एक छोटासा निधी उभा राहू पाहतो आहे, मोडी कागद आणि जुन्या वास्तूंसाठी. त्याचे नियम काय असावेत यावरून गेल्या दोन बैठका चांगल्याच तापल्या. तेव्हा हे कामाला येईल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सन २००० मध्ये ‘कम्युनिटी प्रिझर्वेशन अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा केला. कायदा राज्याचा, पण तो कुणावर लादलेला नाही. ज्या गावाला हवा त्याने मतदान करून तो स्वीकारायचा. स्वीकारला की घरपट्टीवर जास्तीत जास्त तीन टक्के अधिभार बसतो. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून सांगतो, घराच्या किमतीच्या तीन टक्के नव्हे, पट्टीच्या तीन टक्के. समजा घराची किंमत सहा लाख डॉलर आहे. पहिल्या एक लाखाला सूट देण्याची मुभा गावाला असते, आणि अनेक गावे ती देतात. उरलेल्या पाच लाखांवर हजारी बारा डॉलरने पट्टी झाली सहा हजार. तिचे तीन टक्के म्हणजे वर्षाला एकशे ऐंशी, महिन्याला पंधरा डॉलर. कमी उत्पन्नाच्या घरांना पूर्ण माफी देण्याचीही सोय आहे. राज्यात एकूण ३५१ गावे-शहरे, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी हा कायदा घेतला आहे. बॉस्टनसारखे मोठे शहर उशिरा आले, २०१६ च्या मतदानाने, आणि तेही एक टक्क्यावर. पाच वर्षे झाली की गावाला तो मतदानानेच सोडताही येतो.

गावाच्या पैशात राज्य आपली भर घालते, आणि अंदाजपत्रक करणाऱ्याला खरा घोर त्याचाच असतो. राज्याची भर सरकारी तिजोरीतून सरसकट येत नाही. खरेदीखते, गहाणखते नोंदवताना जी फी पडते तिच्यावरच्या जादा आकारातून एक वेगळा निधी जमतो आणि तो दर नोव्हेंबरच्या १५ तारखेपर्यंत गावांना वाटला जातो. सुरुवातीची काही वर्षे गावाने जमवला तितकाच डॉलर राज्याने दिला, शंभर टक्के. मग गावे वाढत गेली, नोंदणीचा आकार मात्र वीस डॉलरवरच अडकला, आणि घरांच्या खरेदी-विक्रीत मंदी आली की तोही आटायचा. २०१७ पर्यंत मूळ वाटप वीस टक्क्यांच्याही खाली आले. शेवटी २०१९ च्या अखेरीस आकार वीसचा पन्नास केला तेव्हा जरा जीव आला. मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शिलकीतूनही काही वर्षी भर पडली, पण शिलकीवर कोण भरवसा ठेवणार.

आता यातली अडचण पाहा. तिथले आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, अंदाजपत्रक वसंत ऋतूतल्या गावसभेत मंजूर करून घ्यायचे असते, आणि राज्याचा आकडा कळणार नोव्हेंबरात. म्हणून शहाण्या समित्या राज्याची भर मुद्दाम कमी धरतात. जास्त आली तर ती शिलकीत पडते, पुढच्या वर्षी वापरता येते. कमी आली तर मंजूर केलेल्या कामाला कात्री लावण्याची नामुष्की येत नाही. माझी नोकरीची वर्षे बांधकामाच्या अंदाजपत्रकांत गेली, त्यामुळे ही सावधगिरी मला फारच आवडली. आपल्याकडे नेमके उलटे होते. येणारे अनुदान पूर्ण धरायचे, खर्चही त्याच हिशेबाने ठरवायचा आणि मार्चमध्ये धावपळ करायची.

समिती पाच ते नऊ जणांची. पाच जागा कायद्यानेच ठरवलेल्या आहेत. निसर्गसंवर्धन, इतिहास, नगररचना, उद्याने आणि गृहनिर्माण या गावच्या पाच मंडळांचा एकेक माणूस. उरलेले चारपर्यंत गाव ठरवेल ते. याचा अर्थ इतिहासवाल्यांचा समितीत एकच माणूस असतो! कारण निधी एकट्या वारशाचा नाहीच. मोकळ्या जमिनी व मैदाने, ऐतिहासिक वारसा आणि परवडणारी घरे असे तीन दावेदार एकाच ताटावर बसवले आहेत.

प्रत्येकाला दरवर्षीच्या उत्पन्नाचे किमान दहा टक्के ठेवलेच पाहिजेत. समजा अधिभाराचे आठ लाख आणि राज्याचे धरलेले दोन लाख, मिळून दहा लाख डॉलर आहेत. तर तिन्ही खात्यांत एकेक लाख गेले. समितीच्या कामकाजाला, म्हणजे अर्जांची तपासणी, मोजणी, मूल्यांकन, वकील यांना, पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे पन्नास हजार. राहिले साडेसहा लाख. ते त्या वर्षी गरज पाहून कुणालाही. केंब्रिज शहर कित्येक वर्षे ऐंशी टक्के घरांना आणि दहा-दहा टक्के बाकी दोघांना देत आले आहे. आपल्यासारख्यांना हे ऐकून वाईट वाटेल, पण तिथली घरभाडी पाहिली की तक्रार करवत नाही. शिवाय एखादी जुनी शाळेची इमारत जपून तिच्यात परवडणारी घरे केली, तर त्या कामाला दोन्ही खात्यांतून पैसे मिळतात. मग वारसावाला आणि घरवाला सभेत एकाच बाजूला बसतात.

‘ठेवले पाहिजेत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. खर्च केलेच पाहिजेत असे नाही. वारशाचे योग्य काम त्या वर्षी आले नाही तर ते लाख डॉलर वारशाच्याच खात्यात पडून राहतात, पुढच्या वर्षी दोन, त्यापुढे तीन. वर्ष संपले म्हणून पैसे बुडत नाहीत आणि शेजारच्या खात्यात पळवताही येत नाहीत. माझ्या मते सगळ्या कायद्यातले हे सर्वात मोलाचे कलम आहे. जुन्या वास्तूचे काम घाईत केले की बिघडते. चुन्याच्या गिलाव्याचा कारागीर शोधायला, जुन्या लाकडाच्या जातीचे लाकूड मिळवायला, ओल कुठून येते ते एक पावसाळाभर पाहायला वेळ लागतो. इथल्याच एका संस्थेत पाहिले आहे, पैसे महिनाअखेर खर्ची टाकायचे म्हणून चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट. दोन पावसाळ्यांत आतली ओल कोंडून भिंत फुगली. तो खर्च झाला नसता तर भिंत जास्त जगली असती.

मोठे काम एकदम करायचे असेल तर पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावर कर्ज काढता येते, पण त्याला सभेत दोन-तृतीयांश मते लागतात. आणि तेही अधिभाराच्या हक्काच्या पैशावर, राज्याच्या बेभरवशाच्या भरीवर नाही.

पैसे नेमके कशाला मिळतात? वारशाच्या व्याख्येत इमारती आहेत, तशा वस्तू आणि कागदपत्रेही आहेत. गावच्या जुन्या नोंदवह्या, जन्म-मृत्यूची पुस्तके यांची डागडुजी या निधीतून होते. मोडी बस्ते वाळवीच्या तोंडी जाताना पाहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे. वास्तू राज्याच्या सूचीत असली पाहिजे किंवा गावच्या इतिहास मंडळाने ती गावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असे ठरवलेले असले पाहिजे. म्हणजे महत्त्व दिल्लीहून, माफ करा, वॉशिंग्टनहून ठरत नाही.

नाही कशाला म्हणतात तेही पाहण्यासारखे आहे. नेहमीची देखभाल चालत नाही. कौले नीट बसवणे, पन्हळ साफ करणे, रंग काढणे ही मालकाची कामे. छप्परच नव्याने, जुन्या पद्धतीने बसवायचे, तुळया बदलायच्या, म्हणजे वास्तूचे आयुष्य खरोखर वाढेल, तर ते चालते. गाव आधी आपल्या नेहमीच्या तिजोरीतून जो खर्च करत होते तो या निधीवर ढकलणेही चालत नाही. निधी भर घालण्यासाठी आहे, सुटका करून घेण्यासाठी नाही. आणि दुरुस्ती केंद्र सरकारच्या पुनर्वसनाच्या मानकांप्रमाणे हवी. बदलण्यापेक्षा दुरुस्त करा, बदलणे भागच पडले तर जुन्याशी जुळणारे करा, हा त्यांचा सारांश. देखभालीच्या बंदीबद्दल मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. पन्हळ साफ केली नाही म्हणून तुळई कुजते, आणि तुळई कुजली की निधी धावून येतो. स्वस्त काम नाकारून महाग कामाची वाट पाहायची, हे इंजिनिअरला पटणार नाही. पण देखभालीला दार उघडले तर सगळा निधी झाडलोटीत जाईल ही त्यांची भीतीही खोटी नाही.

समिती पैसे देत नाही, फक्त शिफारस करते, हा माझ्या मते दुसरा मोलाचा भाग. वर्षातून एकदा तरी जाहीर सुनावणी घेऊन गावाच्या गरजा ऐकायच्या, अर्ज मागवायचे, छाननी करायची, आणि यादी गावसभेपुढे ठेवायची. सभा शिफारस मान्य करू शकते, रक्कम कमी करू शकते, फेटाळू शकते. वाढवू मात्र शकत नाही, आणि समितीने न सुचवलेल्या कामाला पैसेही देऊ शकत नाही. शहरांत सभेच्या जागी नगरपरिषद असते. मुलीकडे गेलो असताना अशा एका सुनावणीला मागच्या बाकावर बसलो होतो. अर्जदाराला विचारलेले प्रश्न ओळखीचे होते. दरपत्रके किती? अनपेक्षित खर्चाला किती टक्के धरले? आमच्याकडून मिळाले नाही तर काम थांबेल की होईल? शेवटच्या प्रश्नाला खोलीत जरा शांतता पसरली होती.

देवळांचा प्रश्न आपल्याकडे लगेच निघेल, तो तिथेही निघाला. अ‍ॅक्टन गावाने तिथल्या एका जुन्या चर्चला आराखड्यासाठी आणि रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी मिळून सुमारे एक लाख डॉलर मंजूर केले. काही करदाते न्यायालयात गेले. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी घातली नाही, पण प्रत्येक अनुदानाचा हेतू आणि परिणाम काळजीने तपासा असे सांगितले. खिडक्यांवर थेट धार्मिक चित्रे असल्याने ते अनुदान थांबवले, आराखड्याचा प्रश्न आणखी चौकशीसाठी खाली पाठवला. वारसा कुठे संपतो आणि पूजा कुठे सुरू होते ही रेघ त्या लोकांनाही सहज ओढता आली नाही, तेव्हा आपण बैठकीत दोन तासांत ओढू शकलो नाही यात नवल नाही.

आमच्या निधीला घरपट्टीचा आधार नाही, वर्गणी आणि देणग्यांचाच आहे, म्हणून सगळे काही उचलता येणार नाही. मी मसुद्यात तीन गोष्टी घातल्या आहेत. जमलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा दरवर्षी कागदपत्रांच्या आणि वास्तूंच्या वेगळ्या खात्यांत जाईल, आणि खर्च झाला नाही तरी तिथेच राहील. निवड समिती फक्त शिफारस करेल, मंजुरी वार्षिक सभेची, आणि सभेला रक्कम वाढवता येणार नाही. कबूल झालेली पण हातात न आलेली देणगी अंदाजपत्रकात निम्मीच धरायची. पहिल्या दोन गोष्टींना विरोध झालेला नाही. तिसरीवर खजिनदार म्हणतात, निम्मी कशाला, शून्य धरा. सभा दिवाळीनंतर आहे.