बारापासॉरस आपल्या सिरोंच्याचा

ऑगस्ट २०२५ मध्ये जैसलमेरच्या मेघा गावात जीवाश्म निघाले. आधी ते डायनासोरचे म्हणून गाजले, मग अभ्यासकांनी ते मगरीसारख्या दिसणाऱ्या फायटोसॉरचे असल्याचं सांगितलं. अशी बातमी वाचली की सोलापूरकराच्या मनात येतंच : आपल्या पायाखाली असं काही असेल का?

उत्तर बोअरच्या गाडीपाशी मिळतं. माती संपते, मुरूम संपतो आणि काळ्या कातळाची भुकटी उडू लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हा जैसलमेरच्या जीवाश्मांच्या ज्युरासिक काळापेक्षा कितीतरी तरुण. त्याच्याखाली काय? १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. ३३८ मीटर बेसाल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक आणि लगेच सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा पाया. ज्युरासिकचे जाड थर तिथं नाहीतच.

ते आहेत राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात.

प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावाचं नाव तिथल्या खडकांना मिळालं : कोटा प्रस्तर. नद्या-तळ्यांत साचलेली वाळू, लाल माती आणि चुनखडी. या चुनखडीतले मासे एकोणिसाव्या शतकातच युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोचले होते. पुढे उडणाऱ्या सरीसृपाचे अवशेष मिळाले, आणि ‘कोटाथेरियम’ या चिमुकल्या सस्तन प्राण्याचा दातही.

खरा मान मात्र बारापासॉरस या डायनासोरचा. लंडनच्या पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांनी प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भूशास्त्राचं काम उभं केलं. संख्याशास्त्राच्या संस्थेनं डायनासोर खणावा, ही त्या काळाच्या मोठ्या मनाची खूण. १९६०-६१ मध्ये सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ सुमारे ३०० हाडं निघाली, निदान सहा प्राण्यांची. सोबत दगड झालेली झाडांची खोडं होती, म्हणून मोठ्या पुरात हा कळप वाहून आला असावा असं अभ्यासक मानतात. मांडीचं एक हाड तर सुमारे १.७ मीटरचं. बंगालीत ‘बड़ो पा’ म्हणजे मोठा पाय, आणि १९६१ हे वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं. म्हणून १९७५ मध्ये नाव ठरलं ‘बारापासॉरस टागोराय’.

त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. तिथल्या संशोधकांनी तो जपला, याबद्दल कृतज्ञताच हवी. पण सिरोंच्याच्या मुलाला आपल्या गावचा डायनासोर पाहायला कोलकाता गाठावं लागावं, हे बरं नाही. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात आणि सोलापूरच्या विज्ञान केंद्रातही त्या मांडीच्या हाडाची हुबेहूब प्रतिकृती उभी करायला हवी. चौथीतलं पोर तिच्याशेजारी उभं राहिलं, की १८-१९ कोटी वर्षांपूर्वीचा तो प्राणी केवढा होता हे त्याला मान वर करूनच कळेल.

शोधही संपलेला नाही. तीनशे हाडांत बारापासॉरसचे मोजके दात मिळाले, कवटी मात्र मिळाली नाही.