गुलाबाचं घर सांभाळताना...

व्हॅलेंटाइन डेला पुण्या-मुंबईत कुणी लाल गुलाब हातात दिला, तर तो मावळातल्या पॉलिहाऊसमधला असू शकतो. तळेगाव, पवनानगरचा हा पट्टा गुलाबासाठीच ओळखला जातो. पण ते प्लॅस्टिकचं घर वर्षभर सांभाळावं लागतं बरं का!

उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की नुसती भट्टी. मग वर शेडनेट ओढायची, बाजूचे पडदे उघडायचे, फॉगर सोडायचे. पावसाळ्यात वैरी म्हणजे ओलावा. पडदे बंद ठेवले तर हवा कोंडते आणि पानांवर डावणी येते. म्हणून सर थांबली की लगेच पडदे उघडायचे. हिवाळ्यात थंडगार रात्री ते बंद, आणि दिवसा भुरीवर नजर.

खरी परीक्षा डिसेंबरात. छाटणीनंतर फूल यायला साधारण दीड महिना लागतो. थंडी वाढली तर आणखी काही दिवस. परदेशी जाणारी फुलं तर जानेवारीअखेरीपासूनच निघतात. छाटणीची तारीख चुकली, की गुलाब १४ फेब्रुवारीनंतर फुलतो. तितकाच लाल, पण भाव पडलेला!

यंदा गुलाब घेताना घासाघीस करावीशी वाटली, तर मे महिन्यातली ती भट्टी जरा आठवा.