चौदा इंची गेमिंग लॅपटॉप : पाचशे बारा की वन टीबी?

लॅपटॉप पारखताना : लेखांक सातवा

रॅमचा हिशोब गेल्या आठवड्यात संपवला आणि स्टोरेज या आठवड्यावर ढकललं. दुकानात मात्र वाद आधी स्टोरेजवरूनच सुरू होतो. विक्रेता म्हणतो, "पाचशे बारा भरपूर झालं, नंतर वाढवता येतं." मुलगा म्हणतो, "बाबा, वन टीबीच घ्यायचा." आणि बाबांना त्या दोन आकड्यांतला फरक फक्त बिलावर दिसत असतो. यात दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. विक्रेत्याच्या वाक्यातल्या 'नंतर' या भानगडीकडे मात्र नीट बघायला हवं.

आधी डब्यावरचा आकडा. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्यामुळे ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते आणि १ टीबीची ९३१. यात फसवणूक नाही, मोजण्याची पट्टी वेगळी आहे. त्या ४७६ मधून विंडोज, त्याचे अपडेट, कंपनीने ठेवलेलं रिकव्हरी पार्टिशन, ऑफिस, ब्राउझर आणि ड्रायव्हर यांचे मिळून साठेक जीबी वजा करा. अपडेटसाठी विंडोज साधारण सात जीबी स्वतःकडे राखून ठेवतं आणि हायबरनेशनची फाइल रॅमच्या आकारानुसार आणखी काही जीबी खाते. ही जागा 'माझ्या फाइल्स' कुठेच नसतानाही भरलेली दिसते. पुष्कळ जण व्हायरसच्या संशयाने घाबरतात ते इथेच.

उरले ४१५च्या आसपास. त्यातली पंधरा टक्के रिकामी ठेवायची (का, ते पुढे येतंच). म्हणजे हातात आले साडेतीनशे. आता गेम टाकू. 'बाल्डर्स गेट ३'ला दीडशे जीबी मोकळी जागा हवी, 'रेड डेड रिडेम्प्शन २'लाही दीडशे. झालं, दोन गेममध्ये पाचशे बारा संपला. मित्रांबरोबर रात्री 'काउंटर-स्ट्राइक २' खेळायचा तर त्याला ८५ हवेत, ते आता नाहीत. तोच हिशोब १ टीबीवर केला तर सव्वासातशेच्या पुढे जागा उरते. त्यात हे तिन्ही बसून 'सायबरपंक २०७७'चे ७०, 'हॉगवर्ट्स लेगसी'चे ८५ आणि 'जीटीए ५'च्या नव्या आवृत्तीचे १०५ जीबीही बसतात, वर कॉलेजच्या प्रोजेक्टला जागा राहते. स्क्रीन रेकॉर्ड करून क्लिपा काढणाऱ्यांनी आणखी एक भर धरावी. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने रेकॉर्डिंग चालू ठेवलं तर तासाला साडेबावीस जीबी जातात. आणि क्लिपा सहसा कुणी पुसत नाही.

गेम इतके फुगले कसे, हे पाहण्यासारखं आहे. त्यातली काही सूज औषधाने उतरते, असं अलीकडे दिसलं आहे. मोठा भाग टेक्स्चरचा, म्हणजे भिंतीवरचा पोपडा, घोड्याची कातडी, चिखल असल्या पृष्ठभागांच्या चित्रांचा. फोर-के पडद्यावर ती चित्रं फाटू नयेत म्हणून मोठ्या आकाराची भरलेली असतात. तुमच्या चौदा इंची पडद्यावर ती तपशिलाने दिसोत वा न दिसोत, जागा तेवढीच घेतात. दुसरा भाग आवाजाचा. २०१४ साली आलेल्या 'टायटनफॉल'ची पीसीवरची आवृत्ती ४८ जीबीची होती, त्यातले ३५ जीबी नुसता आवाज. तो न दाबता तसाच ठेवला होता, कारण दाबलेला आवाज खेळताना उलगडायला प्रोसेसरला काम पडतं आणि तेव्हाच्या दोन कोअरच्या मशिनांना ते झेपलं नसतं. प्रोसेसरचं ओझं डिस्कवर टाकण्याचा तो सौदा होता.

तिसरं कारण सर्वांत गमतीचं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक जागेवरून जागेवर हलायला वेळ घेतं. म्हणून गेम बनवणारे एकच वस्तू तबकडीवर अनेक ठिकाणी लिहून ठेवत, म्हणजे जिथे लागेल तिथे ती शेजारीच सापडावी. प्लेस्टेशन ५ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२०च्या व्याख्यानात 'स्पायडरमॅन' गेमचं उदाहरण दिलं होतं. त्यातला काही डेटा हार्ड डिस्कवर चारशे वेळा नकललेला होता! एसएसडीत हलणारं टोकच नाही, त्यामुळे या नकलांचा तिथे काही उपयोग नाही. तरीही हार्ड डिस्कवर खेळणाऱ्या थोड्या लोकांसाठी त्या सगळ्यांच्याच मशिनवर उतरत राहिल्या. 'हेलडायव्हर्स २'च्या कंपनीने २०२५च्या अखेरीस हिंमत करून नकला काढून टाकल्या. पीसीवरचा गेम सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आला. हार्ड डिस्कवाल्यांनाही फारसा फटका बसला नाही, कारण लोडिंगचा खरा वेळ नकाशा तयार करण्यात जात होता. सगळे गेम इतके सडपातळ होतील या आशेवर मात्र कुणी लॅपटॉप घेऊ नये. प्रत्येक गेममधली सूज नकलांची नसते.

आता ती पंधरा टक्के. एसएसडीत लिहिणं आणि पुसणं यांचं माप सारखं नाही. लिहिताना काही केबींचं एक पान लिहिता येतं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. म्हणून आतला कंट्रोलर चालू पानं दुसरीकडे हलवतो, जुना गठ्ठा रिकामा करतो आणि मग नवं लिहितो. पंधरा ठोकळ्यांचं सरकवायचं कोडं आठवा. सोळावं घर रिकामं असतं म्हणूनच त्यात काही हलतं. शिवाय बहुतेक एसएसडी मोकळ्या पेशींत तात्पुरता एकेकच बिट लिहून वेग दाखवतात आणि नंतर सवडीने तीन किंवा चार बिट एका पेशीत कोंबतात. डिस्क भरत गेली की ही सोय आक्रसते. पेशीत चार बिट भरणाऱ्या स्वस्त क्यूएलसी एसएसडीवर मग मोठा गेम उतरवताना वेग जुन्या हार्ड डिस्कइतका खाली येऊ शकतो. खेळताना प्रामुख्याने वाचनच होत असल्याने तिथे हे फारसं जाणवत नाही. जाणवतं ते अपडेटच्या दिवशी. आणि अपडेटला जागा नुसती नव्या भागापुरती लागत नाही. जुन्या फाइली नव्याने जोडून लिहिताना दोन्ही काही काळ डिस्कवर राहतात. 'बाल्डर्स गेट ३'च्या २०२३ मधल्या एका अपडेटला शंभर जीबीहून जास्त मोकळी जागा लागत होती. ती नसेल तर गेम काढून पुन्हा टाका, हाच उपाय होता.

पुन्हा टाका म्हणणं सोपं आहे. किती जीबीचा लॅपटॉप घ्यावा याचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. तुमच्याकडे गेम किती आहेत हा प्रश्न दुय्यम. काढलेला गेम परत आणायला किती त्रास होतो, हे आधी बघायचं. घरी १०० एमबीपीएसचं फायबर असेल तर दीडशे जीबीचा गेम सव्वातीन-साडेतीन तासांत उतरतो. रात्री लावला, सकाळी तयार. अशा घरात पाचशे बारावरही निभतं. खेळून झाला की काढायचा, वाटलं तर परत आणायचा. कनेक्शन ३० एमबीपीएसचं आणि तेही पाच जणांत वाटलेलं असेल तर त्याच गेमला अकरा तास धरा, आणि तेवढा वेळ घरातलं बाकीचं नेट रडतं. आणि रोजचे दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तोच गेम पंचाहत्तर दिवसांचा झाला. तालुक्याच्या गावी राहणारा, किंवा ज्या हॉस्टेलच्या वायफायवर मोठी डाउनलोड बंद आहेत तिथला मुलगा एकदा उतरवलेला गेम जिवापाड जपतो. त्याला जागा जास्त हवी, शहरातल्या फायबरवाल्याला नव्हे. दुकानात हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

बरं, 'नंतर वाढवता येतं' याचं काय? पंधरा-सोळा इंचांच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडीसाठी दोन खाचा असतात. एक भरलेली, एक मोकळी. तिथे विक्रेत्याचं म्हणणं सोळा आणे खरं. मोकळ्या खाचेत दुसरी एसएसडी बसवली की काम झालं. पण चौदा इंचांत ती चैन सहसा नसते. असुसचा झेफिरस जी१४ घ्या किंवा रेझरचा ब्लेड १४, आत एम.२ची खाच एकच. म्हणजे इथे 'वाढवणं' नसतं, 'बदलणं' असतं. जुनी काढायची, नवी घालायची, विंडोज एकतर क्लोन करायचं नाहीतर नव्याने टाकायचं, आणि निघालेली ५१२ जीबी एसएसडी एखाद्या एन्क्लोजरमध्ये घालून बाहेरून वापरायची. ती फुकट जात नाही, पण तिचे पैसे तुम्ही एकदा भरलेले असतातच.

बदलणं अवघड नाही, फक्त चार गोष्टी माहीत हव्यात. खाच २२८० आहे की २२३०, ते तपासा. पहिले दोन आकडे रुंदीचे, २२ मिलिमीटर. उरलेले लांबीचे, ८० किंवा ३०. हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रांत, उदाहरणार्थ स्टीम डेकमध्ये, २२३० असते, जी१४ मध्ये २२८०. दुसरं, दोन्ही बाजूंना चिप असलेली एसएसडी पातळ लॅपटॉपमध्ये बसेलच असं नाही, आणि वर हीटसिंक चिकटवलेली तर नाहीच. तिसरं, मागचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीची पिन सोडवायची, मगच बाकीच्याला हात लावायचा. चौथं सर्वांत महत्त्वाचं आणि हमखास विसरलं जाणारं. विंडोज ११ बऱ्याच मशिनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. स्क्रू उघडण्याआधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून बघून कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडणार नाही. वॉरंटीचं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी ईमेलने विचारा. तोंडी 'चालतं हो साहेब' याला नंतर कुणी ओळख देत नाही.

बाहेरून जोडायची एसएसडी हाही मार्ग आहे, आणि मला तो लोकांना वाटतो त्याहून बरा वाटतो. १० जीबीपीएसच्या यूएसबी पोर्टवर तिला सेकंदाला हजारेक एमबीचा वेग मिळतो आणि बहुतेक गेमना तो पुरतो. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून तो एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. मित्राच्या पीसीवर तोच गेम असेल तर एकाच वायफायवर बसून तिथूनही घेता येतो. ही सोय स्टीमने २०२३ मध्ये दिली. खटकतं ते एवढंच की लहान लॅपटॉप आपण उचलून नेण्यासाठी घेतो आणि मग लोकलमध्ये मांडीवर एक डबी लोंबत राहते. डबी निसटली की गेम पडला.

आता पैशांचं. चौदा इंची पातळ मशिनांत रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असण्याची शक्यता मोठी. २०२४च्या जी१४ मध्ये ती तशीच आहे. ती आयुष्यात पुन्हा वाढत नाही. एसएसडी निदान बदलता तरी येते. म्हणून ३२ जीबी रॅमसह ५१२ जीबी आणि १६ जीबी रॅमसह १ टीबी अशी निवड एकाच किमतीला समोर आली, तर डोळे झाकून पहिली घ्या. बजेट ताणायचंच तर जे बदलता येत नाही त्यासाठी ताणावं. 'आत्ता लहान घ्या, एसएसडी पुढे स्वस्त होते' हा वर्षानुवर्षं खरा ठरलेला सल्ला मात्र सध्या जपून घ्यावा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचा बाजार उचलायला सुरुवात केल्यापासून २०२५च्या अखेरीस भाव चढले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' ब्रँड आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन १ टीबीच्या एसएसडीचा त्या दिवशीचा भाव बघा आणि लॅपटॉप कंपनी ५१२ वरून १ टीबीवर जायला किती मागते त्याच्याशी ताडून पाहा. कंपनीचा फरक बाजारभावाएवढा किंवा कमी असेल तर तिच्याकडूनच घ्या. वॉरंटीचं झंझटही वाचतं. दुप्पट मागत असेल तर स्वतः बदला.

क्षमतेमागे दडलेली आणखी एक गोष्ट ओझरती सांगतो. मोठ्या एसएसडीत चिप जास्त असतात आणि कंट्रोलर त्यांच्यावर एकाच वेळी लिहितो, म्हणून ती वेगवानही असते. सॅमसंगच्या ९८० प्रोमध्ये २५० जीबीचा लिहिण्याचा वेग सेकंदाला २,७०० एमबी होता, १ टीबीचा ५,०००. टिकाऊपणाही क्षमतेबरोबर वाढतो. वाचनाचा सात हजार, चौदा हजार असा जाहिरातीतला वेग मात्र गेमरने मनावर घेऊ नये. पीसीआयई जोडणीची चौथी पिढी, म्हणजे जेन ४, पुरे. जेन ५ला जास्त पैसे लागतात, आणि पातळ लॅपटॉपमध्ये तिची उष्णता हा वेगळाच ताप होतो.

तर निकाल. एकच खाच असलेल्या चौदा इंची गेमिंग लॅपटॉपसाठी १ टीबी घ्या. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे एक-दोनच गेम खेळता आणि घरी चांगलं फायबर आहे, तर पाचशे बारा चालेल. उरलेले पैसे रॅमला लावा. नेट कमजोर असेल, क्लिपा काढत असाल, किंवा मोठे गेम एकावेळी पाच-सहा ठेवायचे असतील तर २ टीबी, तीही शक्यतो स्वतः बदलून. २५६ जीबीचं मॉडेल कितीही स्वस्त मिळालं तरी गेमिंगसाठी घेऊ नका. आणि दुकानात जाण्याआधी मॉडेलचं नुसतं नाव नको, पूर्ण क्रमांक लिहून घ्या. एकाच नावाखाली खाचांची संख्या आणि रॅमची जोडणी दरवर्षी बदलते. पुढच्या आठवड्यात चार्जर, वॅट आणि तापणारा कीबोर्ड.