चाकोरी न सोडणारी चाके

‘चाकोरीबाहेरचा विचार करा’ असा सल्ला आपण उठताबसता देतो. चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली वाट. शेतातल्या अवजड यंत्रांबाबत मात्र मृदाशास्त्रज्ञांचे म्हणणे नेमके उलटे आहे: चाकोरी सोडू नका, वर्षानुवर्षे त्याच पट्ट्यांवरून चाला आणि उरलेल्या जमिनीला चाक लावू नका.

चांगल्या जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग रिकामा असतो. या पोकळ्यांतून पाणी मुरते, हवा खेळते, मुळे वाट काढतात. वरून जड चाक गेले की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, म्हणजे ज्यांतून पाणी झटपट खाली जाते नेमक्या त्याच. मग पावसाचे पाणी साचते किंवा वाहून जाते आणि मुळे घट्ट थराला टेकून आडवी पसरतात. ओल्या मातीत हे नुकसान सर्वांत जास्त. वापसा आल्याशिवाय शेतात शिरू नये, हे जुन्या माणसांना कोणी प्रयोगशाळेत शिकवले नव्हते!

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. माती दाबण्याचे बहुतेक काम चाकाची पहिलीच फेरी करून टाकते. त्याच जागेवरून पुन्हा गेले तर त्यात थोडीच भर पडते. दर वेळी नवी जागा तुडवली, तर मात्र प्रत्येक फेरी ‘पहिली’च ठरते.

यंत्रे किती जड झाली याचा हिशेब थॉमस केलर आणि दानी ऑर या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. धान्याने भरलेला कंबाइन हार्वेस्टर १९५८ मध्ये सुमारे चार टनांचा होता. २०२० पर्यंत तो ३६ टनांवर गेला. हे वजन लांब मानेच्या अजस्र डायनोसॉरच्या जवळ जाणारे. टायर रुंद होत गेल्याने वरच्या थरावरचा दाब फारसा वाढला नाही, म्हणून हा बदल कोणाच्या डोळ्यावर आला नाही. पण खोलवर पोहोचणारा ताण मुख्यतः चाकावरच्या एकूण भारावर ठरतो, आणि नांगर पोहोचत नाही तिथे दबलेली माती सुधारायला दशके लागतात. जगातील सुमारे एक पंचमांश पीकजमिनीला हा धोका असल्याचा त्यांचा अंदाज आहे. मग एवढे जड डायनोसॉर हिंडूनही झाडझाडोरा टिकला कसा? त्यांचा तर्क असा, की हे प्राणी ठरावीक वाटांवरूनच चालत असावेत आणि लांब मानेने आजूबाजूचा पाला खात असावेत. तर्कच तो, पण मोठा गमतीचा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शेतकऱ्यांनी हे माणसांच्या शेतात करून दाखवले. ट्रॅक्टर, फवारणी यंत्र, हार्वेस्टर या सगळ्यांच्या चाकांमधले अंतर त्यांनी शक्यतो तीन मीटर असे एकच ठेवले. उपग्रहाच्या मदतीने यंत्र दरसाल त्याच रेषेवरून चालते. तिथल्या गॅटन येथे जेफ टलबर्ग आणि सहकाऱ्यांनी काही वर्षे मोजमापे घेतली. चाक न लागलेल्या जमिनीवरून वाहून जाणारे पाणी चाकाखालच्या जमिनीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरले आणि धान्य सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त आले. ही माती आपल्या काळ्या जमिनीच्याच जातकुळीतली, भेगा पडणारी.

‘काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आपोआप मोकळी होते,’ असे आपल्याकडे म्हटले जाते. कोरडवाहू रानात ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण बारमाही पाणी पिणाऱ्या उसाच्या फडाला वाळून भेगा पडायला सवड मिळतेच कुठे? तोडणी मजूर मिळेनासे झाले तसे ऊसतोडणी यंत्र आले. मोठे यंत्र पंधरा टनांच्या आसपास भरते, शिवाय सोबत उसाने भरलेले वाहन. गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते, तेव्हा रान पुरते वाळलेले नसते. त्यातच मागे खोडवा ठेवायचा असेल तर मध्ये नांगरटही नाही. तोडणीत दबलेली माती पुढचे पीक तशीच सोसते.

क्वीन्सलँडच्या ऊस उत्पादकांना हाच अनुभव आला. त्यांच्या ओळी दीड मीटरवर आणि यंत्राची चाके १.८ मीटरच्या पुढे, त्यामुळे चाक बुंध्याला घासूनच जाई. शेवटी त्यांच्यातल्या अनेकांनी यंत्र बदलण्याऐवजी ओळींतले अंतरच चाकांच्या मापाला आणले.

आपल्या एक-दोन एकरांच्या तुकड्यांत, भाड्याच्या यंत्रांवर हे सगळे जसेच्या तसे जमणार नाही. दर वेळी वेगळा ट्रॅक्टर, वेगळे माप. तरी लागणीआधीच तोडणी यंत्राच्या मालकाला चाकांमधले अंतर विचारून सरी पाडणे, तोडणीआधी पाणी वेळेवर तोडणे, ट्रॉली शक्यतो कडेच्या रस्त्यावरच उभी ठेवणे, आत न्यावीच लागली तर आल्या वाटेनेच बाहेर काढणे, हे बिनखर्चाचे आहे. ट्रॉली काठोकाठ भरण्याचा मोह मात्र सुटत नाही.

आपल्या रानाची अवस्था पाहायची असेल तर चांगल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी पेन्सिलीएवढी जाड लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबून बघा. बांधाच्या कडेला ती अलगद आत जाते. शेताच्या मध्यावर वीतभर खोल जाऊन ती अडली आणि खाली दगड-मुरूम नसेल, तर तिथे फावड्याने खड्डा घेऊन मुळे कोणत्या दिशेला वळली आहेत ते पाहावे.