कोलकाता ते मुंबई : राहुल भेकेच्या वाटचालीचा मागोवा

वरठीचे भंडारा रोड स्टेशन मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. पोट भरण्यासाठी असो की शिक्षणासाठी, आमच्या जिल्ह्यातला माणूस याच मार्गाने एका नाही तर दुसऱ्या दिशेला जातो. भारतीय फुटबॉलची दोन जुनी ठाणीही याच मार्गाच्या दोन टोकांना आहेत. एका टोकाला 1889 चा मोहन बागान आणि 1920 चा ईस्ट बंगाल जपणारे कोलकाता, तर दुसऱ्या टोकाला कंपन्यांच्या संघांवर वाढलेली मुंबई. मधल्या अख्ख्या विदर्भात इंडियन सुपर लीगचा एकही क्लब नाही. या दोन टोकांदरम्यान आणि खाली कोची, बंगळुरूपर्यंत फिरत राहिलेल्या एका मराठी बचावपटूची कारकीर्द आमच्या मुलांनी समजून घ्यावी, म्हणून हा मागोवा.

राहुल भेकेचा जन्म 6 डिसेंबर 1990 चा, मुंबईचा. तो फुटबॉलमध्ये वयात येत होता, तेव्हा मुंबईचे फुटबॉल आतून खचत होते. 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने 2013 मध्ये एअर इंडिया आय-लीगबाहेर, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्रीय लीगबाहेर, गेला. 2007 मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी 2017 मध्ये गुंडाळला गेला. पुण्याचेही तसेच झाले. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स हे संघ काही वर्षांत नाहीसे झाले. घरे अशी पडत असताना व्यावसायिक खेळाडू व्हायचे असेल, तर मुंबईच्या मुलाला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

राहुल कोलकात्याला ईस्ट बंगालमध्ये गेला. तिथे ऐंशी मिनिटे चांगले खेळून एक चेंडू चुकला, तर लोक तो चेंडूच लक्षात ठेवतात. बचावपटूसाठी याहून कडक शाळा देशात नाही. त्या वर्षांत आय-लीग आणि सुपर लीग वेगवेगळ्या महिन्यांत खेळल्या जात. त्यामुळे एका क्लबचा खेळाडू हंगामापुरता दुसऱ्याकडे उसना दिला जाई. राहुल 2015 मध्ये असाच केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि तो संघ तळाला राहिला. 2016 मध्ये तो एफसी पुणे सिटीकडून खेळला. 2019 मध्ये तोही क्लब संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. दर सहा महिन्यांनी नवा प्रशिक्षक, नवी भाषा, शेजारी नवा जोडीदार. अशा दिवसांत तरुण खेळाडू हरवून जातात. राहुल मात्र उजव्या बाजूलाही खेळायला शिकला आणि मध्यभागीही. त्याची लांब थ्रो-इन हे त्याचे खास हत्यार ठरले. बाजूच्या रेषेवरून दोन हातांनी फेकलेला त्याचा चेंडू थेट गोलसमोरच्या गर्दीत पडे. साध्या थ्रोवर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नरइतकी धावपळ करावी लागे.

2017 मध्ये बंगळुरू एफसी सुपर लीगमध्ये आला आणि खेळाडूंच्या ड्राफ्टमधून त्याने राहुलला घेतले. एकाच संघात सलग काही वर्षे टिकण्याची संधी त्याला इथे मिळाली आणि त्याचा खेळ बहरला. 20 एप्रिल 2018 रोजी भुवनेश्वरला सुपर कपची अंतिम लढत झाली. समोर त्याचाच जुना ईस्ट बंगाल होता. ईस्ट बंगालने आघाडी घेतली, राहुलने बरोबरी साधून दिली आणि बंगळुरू 4-1 ने जिंकले. त्याआधी महिनाभर, 17 मार्चला, सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बंगळुरू घरच्या मैदानावर चेन्नईयनकडून 3-2 ने हरले होते. बरोबर वर्षाने, 17 मार्च 2019 ला, बंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात होते. या वेळी मैदान अंधेरीचे, म्हणजे राहुलच्या शहरातले. गोव्याविरुद्धचा सामना गोलशून्य राहून जादा वेळेत गेला. 117 व्या मिनिटाला, पेनल्टी शूटआउट समोर दिसत असताना, दिमास देल्गादोचा कॉर्नर आला आणि राहुलने डोक्याने तो जाळ्यात धाडला. ज्या शहरातले जुने क्लब बंद पडले होते, त्याच शहरात दुसऱ्या गावचा शर्ट घालून त्याने विजेतेपद मिळवून दिले. साखळीत अव्वल राहिलेल्या संघाने सुपर लीगचा चषकही जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

भारताच्या संघाचे दार याच कामगिरीने उघडले. 5 जून 2019 रोजी थायलंडमध्ये किंग्ज कपात क्युरासाविरुद्ध तो पहिल्यांदा भारताकडून खेळला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तीनच महिन्यांनी, 10 सप्टेंबरला, दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने 0-0 असे रोखले. त्या बचावफळीत राहुल होता. खेळाने त्याची परीक्षा घेतली तीही कतारविरुद्धच. जून 2021 मध्ये त्याच संघाशी खेळताना सतराव्या मिनिटापर्यंत त्याला दोन पिवळी कार्डे मिळाली आणि त्याला मैदान सोडावे लागले. उरलेला सामना दहा जणांनी रेटला आणि भारत 1-0 ने हरला. तिशीतल्या बचावपटूची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशा एका संध्याकाळी संपूही शकते. राहुलची संपली नाही, कारण सावरण्याची सवय त्याला क्लब बदलता बदलता लागली होती.

2021 मध्ये तो मुंबई सिटी या सुपर लीगच्या क्लबात आला. 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईची गाठ इराकच्या एअर फोर्स क्लबशी पडली. पिछाडीवरून मुंबईने बरोबरी साधली आणि 75 व्या मिनिटाला अहमद जाहूच्या कॉर्नरवर राहुलने डोक्याने विजयी गोल केला. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. 2019 च्या अंतिम सामन्यात गोव्याकडून खेळताना लाल कार्डावर बाहेर गेलेला जाहू हाच. त्या दिवशी तो प्रतिस्पर्धी होता, इथे त्याच्याच पायातून राहुलला चेंडू मिळाला. पुढे मुंबईने 2022-23 ची, साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्ड जिंकली. 4 मे 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 ने हरवून सुपर लीगचा चषक उचलला, तेव्हा कर्णधार होता राहुल भेके. ज्या गावात त्याने बचाव घोटून घेतला, तिथेच मुंबईचा कर्णधार म्हणून तो जिंकला. दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर त्याने हा चषक मिळवला.

त्यानंतर तो बंगळुरूला परतला. 18 नोव्हेंबर 2024 रोजी हैदराबादला मलेशियाविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर त्याने भारतासाठी पहिला गोल केला. पदार्पणानंतर पाच वर्षांनी. पुढच्या मार्चमध्ये शिलाँगला मालदीवविरुद्धही त्याने गोल केला. मग 2025 चा पावसाळा आला आणि सुपर लीगचेच भवितव्य टांगणीला लागले. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. त्याच दिवसांत खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या बुडालेल्या मुंबईचे ते खेळाडू आणि पुढे मुंबई एफसीचे अनेक वर्षांचे प्रशिक्षक. त्यांनी ताजिकिस्तानला नेलेल्या संघात राहुल होता. ओमानविरुद्ध पेनल्टीवर निकाल लागून भारत काफा (मध्य आशियाई) नेशन्स कपात तिसरा आला. त्या शूटआउटमध्ये आपला फटका जाळ्यात मारणाऱ्यांत चौतिशीचा राहुल होता.

फुटबॉलपटू क्लब बदलतात, हे जगभर चालते. स्वित्झर्लंडचा झेर्दान शाचिरी बासेलमधून निघाला आणि बायर्न म्युनिक, इंटर मिलान, स्टोक, लिव्हरपूल, ल्यों, शिकागो असा फिरून 2024 मध्ये बासेललाच परतला. त्याच हंगामात त्याने बासेलला लीग आणि चषक दोन्ही मिळवून दिले. परतला तेव्हा त्याचे घर जागेवर होते, आणि वाटेतले सगळे क्लबही. राहुलच्या वाटेवरचा एफसी पुणे सिटी आज शोधून सापडणार नाही. शाचिरी अधिक मोठ्या मैदानाच्या ओढीने फिरला. राहुलच्या पिढीतल्या मराठी खेळाडूंना पायाखालची जमीन सरकत असताना फिरावे लागले. म्हणून राहुलच्या कारकिर्दीचे मोल मला अधिक वाटते.

आता आमच्याकडे पाहू. भंडाऱ्याचा मुलगा सुब्रतो चषकात शाळेकडून जिल्ह्यात खेळतो, जिंकला तर विभागाला नागपूरला जातो. दहावी-बारावीनंतर बूट माळ्यावर जातात. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, कामठीत रब्बानीसारखे क्लब आहेत, आणि ते टिकले आहेत. कोल्हापुरातही पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. मालकाचा हिशेब बिघडला की कंपनीचा संघ बंद पडतो. पेठेचा आणि मोहल्ल्याचा संघ मात्र तिथली माणसे सहज बंद पडू देत नाहीत.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या गावांनी हेच करायला हवे. गावाचा एक क्लब, त्याची वर्गणी, एक राखीव मैदान आणि शाळा सुटल्यावरही मुलाला खेळवणारी जिल्ह्याची लीग. यासाठी कोणा उद्योगपतीची वाट पाहायची गरज नाही. गावाचे भजनी मंडळ आणि गणेशोत्सव ज्या हिशेबावर चालतात, त्याच हिशेबावर हेही चालेल. अठराव्या वर्षी खेळ सुटला नाही, तर अठ्ठाविसाव्या वर्षी देशाची जर्सी अंगावर येऊ शकते, हे राहुल भेकेने दाखवले आहे. आमच्या मुलांना ती दहा वर्षे खेळता यावीत, एवढी सोय करणे आमच्या हातात आहे.