गाळ कोण काढणार?

अमेरिकेत १९७२ साली ‘क्लीन वॉटर ॲक्ट’ झाला तेव्हा सगळ्यांचं लक्ष कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या नळांवर होतं. पावसाचं पाणी आकाशातून पडतं, रस्त्यावरून वाहत नदीला मिळतं, त्यात घाण ती कसली, असाच सार्वत्रिक समज होता. १९७८ ते १९८३ या काळात तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभरात २८ ठिकाणी पाहणी केली आणि हा समज मोडीत निघाला. रस्ते, छपरं आणि वाहनतळ धुऊन येणाऱ्या पाण्यात तांबं, शिसं आणि जस्त जागोजाग सापडलं. पुढे १९८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला, १९९० पासून मोठ्या शहरांना पावसाळी पाण्यासाठीही परवाने घेणं भाग पडलं, आणि मग बांधकामांचा सपाटा सुरू झाला. तळी, पाझरचर, वाळूच्या गाळण्या, गवताळ चर. जो तो बांधत सुटला.

बांधलं ते सांभाळायचं कुणी, हा प्रश्न मात्र बराच काळ कुणी विचारला नाही. पहिला इशारा मेरीलँड राज्यातून आला. तिथे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या बांधकामांची १९८६ मध्ये पाहणी झाली तेव्हा साधारण दोन तृतीयांश चालू होती. चारच वर्षांनी, १९९० मध्ये, हे प्रमाण निम्म्यावर आलं. कारण साधं होतं. गाळ साचला आणि तो कुणी काढला नाही. अभियंत्यांनी पाझराचं गणित नीट केलं होतं. फावडं कोण धरणार याचं गणित कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

देखभालीची पहिली मोठी परीक्षा झाली ती हौसेने नव्हे, कोर्टाच्या धाकाने. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यावर, म्हणजे ‘कॅलट्रान्स’वर, पर्यावरण संघटनांनी खटला भरला. तडजोडीत ठरलं की खात्याने लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो भागात महामार्गांच्या कडेला नाना प्रकारच्या शुद्धीकरण यंत्रणा बसवायच्या आणि त्या खरंच चालतात का, किती खर्चात चालतात, ते मोजून दाखवायचं. अंतिम अहवाल जानेवारी २००४ मध्ये आला. या कामाचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे देखभालीची लेखी पुस्तिका. गवत किती वाढलं की कापायचं, गाळ किती साचला की उपसायचा, पाणी किती वेळ तुंबलं की दखल घ्यायची, हे प्रत्येक यंत्रणेसाठी आधीच ठरवून दिलेलं. मग माणूस पाठवायचा, काम करून घ्यायचं आणि तास नोंदवायचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यापूर्वी देखभालीचा खर्च म्हणजे बांधकामाच्या अमुक टक्के असा हवेतला आकडा असायचा.

तास मोजायला लागल्यावर जे बाहेर आलं त्याचा अंदाज कागदावर कुणी केला नव्हता. डासांचंच घ्या. पाणी साचवून गाळ खाली बसवायचा हे कित्येक यंत्रणांचं तत्त्वच. त्यामुळे बंदिस्त टाक्यांच्या तळाशी, पाणी पसरवणाऱ्या चरांत, प्रवाहाचा जोर मोडायला टाकलेल्या दगडांच्या फटींतसुद्धा पाणी राहिलं आणि तिथे अळ्या झाल्या. राज्याच्या आरोग्य खात्याची कीटकनियंत्रणाची माणसं तपासणीला येऊ लागली. पाणी शुद्ध करायला बांधलेली टाकी आरोग्य खात्याच्या वहीत डासांचं ठिकाण म्हणून चढली. ओल्या, म्हणजे कायम पाणी धरून ठेवणाऱ्या, तळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात वनस्पती इतक्या माजल्या की डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांना आत शिरायला वाट राहिना, म्हणून दरवर्षी कापणी आली. शिवाय एखादी संरक्षित प्रजाती येऊन राहिली तर कापणीच अडेल ही धास्ती होतीच. पर्यावरणासाठी झालेल्या खटल्यातून बांधलेल्या तळ्यात निसर्ग फार रमू नये म्हणून माणसं ठेवायची, याला काय म्हणावं?

दुसरी डोकेदुखी पंपांची. सपाट जागेत वाळूच्या गाळणीपर्यंत पाणी आपसूक उतरेना, म्हणून काही ठिकाणी पंप बसवले. गाळणी निमूट काम करत राहिली, पंप मात्र बिघडत राहिले. उतार मिळत असेल तिथेच अशी गाळणी बांधा, पंपाच्या भरवशावर राहू नका, हा धडा तिथून मिळाला. बांधकामाचा खर्चही इतर राज्यांच्या मानाने बराच चढा निघाला, आणि त्यावर बाहेरच्या तज्ज्ञांकडून वेगळी तपासणी करून घ्यावी लागली. महामार्गाच्या कडेला, चालू वाहतुकीत, अपुऱ्या जागेत मागाहून काही बसवायचं म्हणजे महागच पडणार. त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू हॅम्पशायरमधल्या डरहॅम गावी, विद्यापीठाच्या आवारात जास्त नेमकी परीक्षा सुरू झाली. २००४ साली तिथे पावसाळी पाण्याचं केंद्र उभं राहिलं. शेजारी नऊ एकरांचा वाहनतळ: गाड्यांनी भरलेला, हिवाळ्यात बर्फ लोटून मीठ टाकलेला. त्या वाहनतळाचं पाणी एका वाटपपेटीत आणायचं आणि तिथून सारख्या प्रमाणात वेगवेगळ्या यंत्रणांकडे सोडायचं, अशी रचना. एकाच पावसाचं, एकाच वाहनतळाचं, तेच मळकट पाणी शेजारी शेजारी सगळ्यांना. त्यामुळे ‘आमच्याकडचं पाणी वेगळं होतं’ ही पळवाट कोणत्याच यंत्रणेला, आणि ती विकणाऱ्या कंपनीलाही, उरली नाही.

या केंद्राने देखभालीची जी नोंद ठेवली ती २०१३ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाली. आकडे यंत्रणांच्या पहिल्या दोन ते चार वर्षांचे आहेत. पाणी मुरू न देणाऱ्या एक हेक्टर पृष्ठभागामागे वर्षाला गवताळ चराला सुमारे २,२८० डॉलर लागले, तर ओल्या तळ्याला ७,८३०. हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. कारण तळं म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं, खोदायला स्वस्त, ‘एकदा खणलं की झालं’ असं समजलं जाणारं काम. रेन गार्डन (पावसाचं पाणी जिरवणारा, झाडं लावलेला खोलगट वाफा) किंवा सच्छिद्र डांबर म्हणजे नव्या फॅशनचं, नाजूक, सतत कुणीतरी बघायला हवं असं. मोजणीने हे उलटं करून टाकलं. तळ्याच्या देखभालीवर पाच वर्षं आणि थोड्या महिन्यांत मूळ बांधकामाइतका पैसा खर्च होतो. सच्छिद्र डांबराला त्याच टप्प्यावर यायला २४ वर्षांहून जास्त लागतात.

सच्छिद्र डांबराची देखभाल कशी असते ते एकदा बघण्यासारखं आहे. नेहमीच्या डांबरातली बारीक खडी गाळलेली असते, त्यामुळे पाणी आरपार खाली झिरपतं. फटींत धूळ आणि माती बसली की झिरपणं मंदावतं. म्हणून धूळ ओढून घेणाऱ्या मोठ्या यंत्राची गाडी त्यावरून फिरवायची. एवढंच. माणसाचे तास सगळ्यांत कमी इथेच लागले. अट एकच: हिवाळ्यात घसरू नये म्हणून रस्त्यावर वाळू टाकायची सवय सोडायची, नाहीतर फटी आपल्याच हाताने बुजवल्यासारखं होतं. पाणी खाली निघून जात असल्याने वर बर्फाचा थर कमी धरतो, मीठही कमी लागतं, हा वरचा फायदा.

आणखी एक हिशोब त्यांनी मांडला तो मला हेक्टरी खर्चापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाण्यातून एक किलो गाळ अडवायला देखभालीपोटी किती पडले? सच्छिद्र डांबर, गवताळ चर, रेन गार्डन आणि खडीच्या थरातून पाणी नेणारी पाणथळ यांना वर्षाला ४ ते ८ डॉलर. ओलं तळं, कोरडं (पावसापुरतंच भरणारं) तळं आणि वाळूची गाळणी यांना ११ ते २१. नत्र आणि स्फुरदाचा हिशोब तर आणखी बोलका. काही यंत्रणा ते जवळजवळ अडवतच नाहीत. तिथे ग्रॅममागचा भाव काय काढायचा? तरीही त्यांच्यावर दरवर्षी गवत कापायला माणूस जातोच.

कामाच्या स्वरूपाची नोंदही शिकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात बहुतेक खर्च बिघडल्यावर धावण्याचा होता: रोपं न धरणं, काठ वाहून जाणं, तोंडाशी कचरा अडकणं. यंत्रणेची नाडी कळत गेली तसं काम वेळापत्रकावर आलं आणि स्वस्त झालं.

पण या आकड्यांना कवटाळून बसणंही बरं नव्हे. दोन-चार वर्षांच्या नोंदीत खरा मोठा खर्च दिसत नाही. तळ्याचा तळ उपसणं, गाळणीची वाळू बदलणं, रेन गार्डनची माती काढून नवी भरणं ही कामं दहा-वीस वर्षांनी दारात येऊन उभी राहतात. शिवाय विद्यापीठाच्या आवारात बघायला अभियंते हजर होते. गावच्या नगरपालिकेकडे ते असतीलच असं नाही. २००५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून केलेल्या आयुष्यभराच्या खर्चाच्या अभ्यासात तर असं दिसलं की गवत किती वेळा कापायचं हे पुष्कळदा पाण्याची गरज ठरवत नाही, शेजारपाजारच्या लोकांच्या नजरेला काय खपतं ते ठरवतं.

आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाही. डरहॅमला पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. आपला चार महिन्यांत कोसळतो, आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला पडला तसा एका दिवसात ९४४ मिलिमीटरही पडतो. आपल्या पर्जन्य जलवाहिन्यांत सांडपाणी आणि प्लॅस्टिकही असतं. पण मोजायची पद्धत उचलायला काय हरकत आहे? दर मे महिन्यात नालेसफाईचे टक्के जाहीर होतात, गाळाच्या वजनाच्या पावत्यांवरून वाद होतात, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. कुठल्या नाल्याला किती मनुष्यतास, किती यंत्रतास, किती टन आणि त्यातून किती पाणी मोकळं झालं, याची वर्षानुवर्षं चालणारी एकसलग नोंद सामान्य नागरिकाच्या हाती येत नाही. मुंबईत हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी जमिनीखाली पाणी साठवणाऱ्या टाक्या बांधल्या आहेत. टाकी म्हटली की पंप आला आणि तळाला गाळ आला. कॅलिफोर्नियाच्या पंपांची कथा इथे लागू व्हायला समुद्र ओलांडावा लागत नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याची नियमपुस्तिका काढली, तीत देखभालीचाही विचार आहे. तो निविदेत उतरायला हवा. यापुढे आपल्या पालिकेने टाकी, पाझरखड्डा किंवा सच्छिद्र फरसबंदी मंजूर केली की बांधकामाच्या रकमेशेजारी पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचे तास, यंत्रं आणि पैसे लिहिलेला रकाना मागा. आणि पाच वर्षांनी तो रकाना प्रत्यक्ष खर्चाशी ताडून जाहीर करा, असं अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला लेखी कळवा.