अमेरिकेला जाताना झोपेचे आणि इन्शुलिनचे काय?

उन्हाळा जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला चाललोय. तिकडे आठ-आठ दिवस झोप लागत नाही म्हणे. ती मेलाटोनिनची गोळी घेऊ का?"

आपल्या मेंदूत दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते आणि ते मुख्यतः उजेडावर लागते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा शरीराच्या हिशेबी सकाळचे साडेसात झालेले असतात. मग झोप येणार कशी? उलट दुपारी जेवताना डोळे मिटू लागतात. यालाच जेट लॅग म्हणतात. हे घड्याळ रोज साधारण तासभरच सरकते.

मेलाटोनिन ही नेहमीच्या अर्थाने झोपेची गोळी नव्हे. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी हे द्रव्य सोडते. 'रात्र झाली' असा तो शरीराला निरोप असतो. म्हणून मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. तिथे पोहोचल्यावर रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, निजताना, अर्धा ते पाच मिलिग्रॅम, असे काही दिवस घेतल्यास बऱ्याच जणांना गुण येतो. भलत्या वेळी घेतली तर घड्याळ आणखी बिघडते. अमेरिकेत ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, पण डबीवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. कॅनडात २०१७ साली अशी ३१ उत्पादने तपासली, तेव्हा बहुतेकांत लिहिल्याहून बरेच कमी किंवा जास्त औषध निघाले. फिट्स येणाऱ्यांनी आणि वॉरफेरिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

फुकटचा उपाय म्हणजे उजेड. पहिले काही दिवस दुपारी पडदे ओढून निजू नका, बाहेर फिरा. फारच पेंग आली तर अर्धा तास पडा, गजर लावून. दुपारनंतर चहा नको. (हे आमच्या मंडळींना सर्वांत जड जाते!)

मात्र इन्शुलिन घेणाऱ्यांची मला झोपेपेक्षा जास्त काळजी वाटते. जाताना प्रवासाचा दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. येताना तो साडेचौदा तासांवर येतो. मनगटावरचे घड्याळ पाहून टोचत राहिलात तर परतीच्या वाटेवर दोन डोस जवळजवळ पडतात आणि साखर एकदम उतरू शकते, तीही विमानात. तेव्हा निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे तिकिटाच्या वेळा घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा व डोसांचे वेळापत्रक लिहून घ्या. इन्शुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. खाली सामानात ते गोठून निकामी होऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडी साखर असू द्या.